पोकेमॉन रीबॉर्न: आधी फील्ड वाचा, मग टीम काढा

पोकेमॉन रीबॉर्न हा चाहत्यांनी बनवलेला खेळ आहे. निन्टेंडोचा नाही, दुकानात मिळत नाही आणि त्याला एक पैसा पडत नाही. आरपीजी मेकर एक्सपी या सॉफ्टवेअरवर, पोकेमॉन इसेन्शियल्स नावाचं तयार किट वापरून तो उभा केलाय. एकेक एपिसोड करत तो कित्येक वर्षं येत राहिला आणि २०२२ मध्ये एकोणिसाव्या एपिसोडने पूर्ण झाला. अधिकृत खेळांत बहुतेक वेळा आठ जिम, म्हणजे एकेका टाइपच्या (वीज, गवत, आग अशा जातीच्या) लीडरशी लढायची ठाणी, असतात. इथे अठरा आहेत, प्रत्येक टाइपचं एक. सातव्या पिढीपर्यंतचे आठशेहून जास्त पोकेमॉन यात आहेत, आणि लढाया अशा की अधिकृत खेळ डोळे मिटून संपवणारी मुलं दुसऱ्या जिमपाशी हात टेकतात.

इंदूरला आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मावस-चुलत भावंडं जमली की एकाच लॅपटॉपभोवती हा खेळ चालतो. दर वर्षी कुणीतरी नवीन येतं, तेच प्रश्न विचारतं आणि त्याच ठिकाणी अडकतं. एखादा तरी अधिकृत पोकेमॉन खेळ ज्याने संपवलाय आणि रीबॉर्नमध्ये येऊन जो गांगरलाय, त्याच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. पोकेमॉन म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही.

खेळ कुठून घ्यायचा, कसा ठेवायचा

निर्मात्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी तो मिळतो. पेन ड्राइव्हमध्ये भरून पैसे घेऊन विकणारे भेटतात, त्यांना एक रुपया देऊ नका. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबून हा खेळ केला त्यांच्या हाती त्यातलं काही जात नाही, आणि असल्या विक्रीने चाहत्यांच्या खेळांवरचं संकट आणखी वाढतं. पोकेमॉन युरेनियम नावाचा असाच एक खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, थोड्याच दिवसांत पंधरा लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला आणि निन्टेंडोच्या वकिलांकडून नोटिसा आल्यावर निर्मात्यांनी त्याचे दुवे काढून टाकले. तो तर फुकटच होता. म्हणून उतरवलेली मूळ झिप फाइल पुसू नका, एक प्रत बाजूला ठेवा.

झिप पूर्ण उघडून एका फोल्डरमध्ये टाका आणि तिथून खेळ सुरू करा. झिपच्या आतूनच चालवला तर अर्ध्या फाइली त्याला सापडत नाहीत. आपलं सेव्ह मात्र या फोल्डरमध्ये नसतं. विंडोजवर ते युजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘सेव्हड गेम्स’ म्हणून जागा असते, तिथे खेळाच्या नावाने पडतं. आठवड्यातून एकदा हा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. मे-जूनच्या वावटळीत आपल्याकडे लाइट कधी जाईल त्याचा नेम नसतो आणि डेस्कटॉपवर खेळत असाल तर सेव्ह होता होताच संगणक बंद पडू शकतो.

कळा बदलायच्या असतील तर एफ-१ दाबा. बोटं दुखत असतील तर इंदूरच्या जेल रोडवरून साधासा यूएसबी गेमपॅड आणा, भारी घ्यायची गरज नाही. हा टर्नवर चालणारा खेळ आहे, इथे चपळाईला काम नाही. वेग वाढवायची सोय खेळातच आहे. ती रस्त्यावरच्या फुटकळ लढायांत खुशाल वापरा, जिममध्ये बंद ठेवा. वेगात मजकूर निसटतो आणि या खेळात मजकूर निसटला की लढाई निसटते.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. पोकेमॉन म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती हा देऊ नका. यात मृत्यू आहे, आत्महत्येचा विषय आहे, मुलांचा छळ आहे, आणि ते सगळं गांभीर्याने मांडलंय. कथा फार चांगली आहे, पण ती जरा मोठ्या मुलांची आहे. संवाद इंग्रजीत आणि भरपूर आहेत. आमच्याकडे मोठी बहीण ते मोठ्याने वाचून मराठीत सांगते आणि लहानांना कुठे खोलीबाहेर पाठवायचं हेही तीच ठरवते.

नवा खेळ सुरू करताना

सुरुवातीलाच पासवर्ड टाकायची सोय येते. ती बघून पुढे जाऊ नका. शत्रूंची धार कमी करणारा लाइटमोड आहे, नझलॉकचे (पडलेला पोकेमॉन पुन्हा वापरायचा नाही असे) नियम लावणारा आहे, लेव्हलची मर्यादा कडक करणारा हार्डकॅप आहे. पहिल्यांदा खेळताना लाइटमोड घेतला तर त्यात काही कमीपणा नाही. फील्डचे, म्हणजे लढाईच्या जागेचे, नियम त्यातही तसेच राहतात आणि या खेळात शिकायचं ते तेच आहे. हार्डकॅप मी सर्वांनाच सुचवीन, त्याचं कारण पुढे येतं.

गाडी स्टेशनात शिरते, स्फोट होतो आणि थोड्या वेळाने तुम्ही ग्रँड हॉलमध्ये उभे असता. तिथे सात पिढ्यांचे मिळून एकवीस स्टार्टर मांडलेले असतात. इथे लोक आवडीने निवडतात. आवड हवीच, पण एक हिशोब डोक्यात ठेवा. रीबॉर्न हे काळवंडलेलं, प्रदूषित शहर आहे आणि सुरुवातीचे कितीतरी तास तुम्ही तिथेच फिरता. तिथे जे पोकेमॉन मिळतात त्यांत चांगला फायर टाइप मिळणं कठीण. पाणी, विष, किडे, उंदीर-मांजरं मात्र मुबलक.

माझं मत टॉर्चिकच्या बाजूने आहे. तो १६ व्या लेव्हलला कॉम्बस्कन होतो, फायर-फायटिंग बनतो आणि त्याच वेळी त्याला डबल किक येते. गवत, बर्फ, नॉर्मल, डार्क, स्टील अशा बऱ्याच जिमांत हा जोडटाइप कामाला येतो. मडकिप घेणारेही पुष्कळ आहेत. तोही १६ ला मार्शटॉम्प होतो, त्याला ग्राउंड टाइप मिळतो आणि पहिल्या विजेच्या जिममध्ये त्याच्यावर वीज चालतच नाही. पण दुसरं जिम गवताचं आहे आणि वॉटर-ग्राउंडवर गवताचा मार चौपट बसतो. म्हणजे पहिल्या जिमचा हिरो दुसऱ्या जिममध्ये बाकावर. हे लक्षात ठेवा, सबंध खेळ असाच आहे.

फील्ड म्हणजे काय

रीबॉर्नचा जीव इथे आहे. प्रत्येक लढाई कुठल्यातरी जागेवर होते आणि त्या जागेचे स्वतःचे नियम असतात. जंगल, वाळवंट, गुहा, पाण्याचा पृष्ठभाग, आरशांचं दालन, बुद्धिबळाचा पट, शॉर्टसर्किट झालेली खोली. काही मूव्हना, म्हणजे पोकेमॉनच्या हल्ल्या-डावांना, जागा बळ देते, काहींचं बळ काढून घेते आणि काही मूव्ह जागाच बदलून टाकतात.

आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमचंच बघा. डिसेंबर २०११ मध्ये याच मैदानावर सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ ठोकल्या, आणि मार्च २०२३ च्या कसोटीत याच मैदानावर पहिल्या दिवशी आपला डाव १०९ वर आटोपला, तिसऱ्या दिवशी सामना हातचा गेला. मैदान तेच, खेळपट्टी वेगळी. कॅप्टन आधी खेळपट्टी बघतो आणि मग अकरा जण ठरवतो. इथेही सहा जण तसेच ठरवायचे.

आता आकडे बघू, म्हणजे हे किती मोठं आहे ते कळेल. समजा एका मूव्हची ताकद ६० आहे. पोकेमॉन त्याच टाइपचा असेल तर दीडपट, म्हणजे ९०. समोरच्यावर तो टाइप भारी पडत असेल तर दुप्पट, १८०. फील्डने त्यावर आणखी दीडपट दिली की २७०. साठाची मूव्ह तुमच्या अंगावर २७० ची होऊन येते. समोरच्याचा लेव्हल तुमच्याएवढाच असूनही तुमचा आवडता पोकेमॉन एका फटक्यात का पडतो, त्याचं उत्तर यात आहे. हेच गणित उलटं फिरवून तुम्हालाही वापरता येतं.

जे फील्ड वारंवार भेटतात त्यांपैकी काही सांगतो. गुहेत उडत्या पोकेमॉनलाही ग्राउंडच्या मूव्ह लागतात, त्यामुळे ‘माझा फ्लाइंग आहे, भूकंपाने काय होणार’ हे तिथे विसरा. आवाजाच्या मूव्ह तिथे घुमतात आणि जोरात लागतात. पाण्याच्या पृष्ठभागावर ग्राउंडच्या मूव्ह चालतच नाहीत, वीज आणि पाणी दोन्ही चढतं, आग मंदावते, आणि जे पाण्यातले नाहीत ते हळू होतात. धाकट्याने एकदा भर लढाईत विचारलं होतं, “दादा, याचा अर्थक्वेक का होत नाहीये?” तेव्हा तो पाण्यावर उभा होता. जंगलात गवताच्या मूव्हना जोर येतो, पण कुणी आग लावली की जंगल पेटतं आणि पेटलेल्या फील्डवर जमिनीवर उभे असलेले, फायर नसलेले पोकेमॉन दर टर्नला भाजत राहतात. पाऊस पडत असेल तर जंगल पेट घेत नाही. समोरचा पाऊस पाडायला धडपडतोय असं दिसलं तर तो कशाला घाबरलाय ते ओळखा.

खेळात फील्डबद्दलच्या नोंदी मिळतात, त्या वाचा. लढाई सुरू होताना जागेबद्दल एक ओळ येते आणि मूव्ह वापरल्यावर फील्डमुळे काही बदललं तर तेही लिहून येतं. त्या ओळी वाचायची सवय लागली की निम्मं काम झालं.

पहिली दोन जिम, जवळून

पेरिडॉट वॉर्डातल्या कारखान्याचं प्रकरण मिटलं की ज्युलियाचं जिम उघडतं. विजेचा टाइप, आणि फील्डही विजेचं. जमिनीवर उभ्या असलेल्या कुणालाही इथे झोप लागत नाही. म्हणून झोपवून पकडायची आणि झोपवून मारायची ज्यांना सवय आहे त्यांचा डाव इथेच फसतो. विजेच्या मूव्ह दीडपट. ज्युलियाला स्फोटांचं वेड आहे आणि स्फोटाच्या मूव्हनाही हे फील्ड खतपाणी घालतं. कुणाला प्रोटेक्ट ही एका टर्नपुरता मार अडवणारी मूव्ह येत असेल तर त्याला बरोबर घ्या. स्फोट प्रोटेक्टवर आदळला की फोडणारा स्वतः पडतो, तुमचं काही जात नाही.

ग्राउंड टाइप असेल तर उत्तम. नसेल तर गवताचे पोकेमॉन घ्या, त्यांच्यावर वीज निम्मी लागते. मड स्पोर्ट येणारा एखादा असेल तर त्याला हसू नका. एरवी कुणी ढुंकून बघत नाही अशी ही मूव्ह विजेची ताकद एक-तृतीयांशावर आणते. पाण्याचे आणि उडते पोकेमॉन बॉक्समध्ये (टीमबाहेरचे जिथे राहतात तिथे) ठेवून जा, मग ते कितीही लाडके असोत.

दुसरं जिम फ्लोरिनियाचं, ऑनिक्स वॉर्डच्या शाळेत. टाइप गवत. सगळे आग घेऊन जातात, आणि तिथे फील्ड असतं वाळवंटाचं. पाण्याची ताकद इथे खलास, आणि वाळूचं वादळ उठलं तर ते नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकतं. तिचा शेवटचा पत्ता क्रॅडिली आहे. रॉक आणि गवत असा जोडटाइप. या लढाईवर थोडा वेळ थांबू, कारण पुढच्या सोळा जिमांचा धडा इथेच मिळतो.

गवत म्हणून आग दुप्पट लागायला हवी, पण रॉक आगीला निम्मी करतो, म्हणजे हिशोब बरोबरीत. त्यातून वाळूच्या वादळात रॉक टाइपचा स्पेशल डिफेन्स दीडपट होतो आणि आगीच्या बहुतेक मूव्ह स्पेशल, म्हणजे स्पेशल डिफेन्सवरच आदळणाऱ्या. एम्बरची ताकद ४०, फायर टाइपने वापरली म्हणून ६०, वाळूमुळे परिणामात पुन्हा ४० वर. आता तोच कॉम्बस्कन डबल किक मारतो. ताकद ३०, स्वतःचा टाइप म्हणून ४५, क्रॅडिलीवर फायटिंग भारी म्हणून ९०, आणि दोनदा लागते म्हणून १८०. शिवाय ही फिजिकल मूव्ह, साध्या डिफेन्सवर आदळणारी, तिला वाळूचा अडथळाच नाही. एकाच पोकेमॉनच्या दोन मूव्ह, परिणामात साडेचार पट फरक.

टॉर्चिक घेतला नसेल तरी घाबरायचं कारण नाही. क्रॅडिलीवर फायटिंग, स्टील, बर्फ आणि किड्यांच्या मूव्ह दुप्पट लागतात. किडे शहरात भरपूर मिळतात आणि बग बाइट ही फिजिकल मूव्ह आहे. स्टील टाइपला वाळूचं वादळ ओरखडतही नाही. कुणाला रेन डान्स येत असेल तर एका टर्नमध्ये वादळ जाऊन पाऊस येतो आणि क्रॅडिलीची ढाल गळून पडते. बाकी टीमला आग चालते, म्हणून फायर आधी, फिजिकल मारणारे शेवटी, असा क्रम ठेवा.

आणखी एक. कंपाउंड आइज ही क्षमता असलेल्या बटरफ्रीची स्लीप पावडर जवळजवळ चुकत नाही, ७५ टक्क्यांची अचूकता साडेसत्त्याण्णववर जाते. म्हणून ती सगळ्यांची लाडकी. पण ज्युलियाकडे फील्ड झोपू देत नाही आणि फ्लोरिनियाकडे गवत टाइपवर पावडर लागूच होत नाही. या दोन्ही जिमांत ती निकामी. रस्त्यावर भेटणाऱ्या मीटिओर या खलनायकांच्या टोळीविरुद्ध मात्र तीच तुम्हाला कितीतरी वेळा वाचवील.

बॉक्स भरा

सहा जणांची कायमची टीम ही कल्पना या खेळात सोडून द्या. पहिल्या चार जिमांपर्यंत पंधरा-वीस पोकेमॉन लढायच्या अवस्थेत असावेत, सगळे साधारण सारख्या लेव्हलचे. लहानपणी प्रत्येकाची एक जिवाभावाची टीम असते आणि तिला सोडवत नाही, हे मला मनापासून कळतं. पण रीबॉर्नचं खरं सुख, दुर्लक्षित पोकेमॉन एका ठराविक फील्डवर राजा होतो, यातच आहे. ते सुख बॉक्स भरल्याशिवाय मिळत नाही.

शहरात हवामान बदलतं, दिवस-रात्र होते, आणि काय भेटणार ते त्यावर ठरतं. त्यामुळे एकदा बघितलेल्या गल्लीत पाऊस पडताना पुन्हा जा, रात्री पुन्हा जा. प्रत्येकाशी बोला. कितीतरी चांगले पोकेमॉन गवतात मिळत नाहीत. ते कुणाच्या तरी गोष्टीत अडकलेले असतात, कुणाला मदत केली की हाती येतात. लवकर उत्क्रांत होणारे आधी घ्या. जो ३० च्या पुढे मोठा होणार आहे तो आत्ताच्या जिममध्ये तुमच्या उपयोगाचा नाही, त्याला पुढच्यासाठी ठेवा.

बॉक्समध्ये कामं वाटून घ्या. निदान एक जण पॅरलिसिस देणारा हवा, कारण त्याने समोरच्याचा वेग निम्मा होतो आणि चारातली एक टर्न फुकट जाते. एक जण बर्न देणारा हवा, त्याने फिजिकल मार निम्मा होतो. इंटिमिडेट असलेला (आत येताच समोरच्याचा फिजिकल मार कमी करणारा) एखादा, रिफ्लेक्ट-लाइट स्क्रीन हे मार कमी करणारे पडदे लावणारा एखादा, आणि क्विक अटॅकसारखी आधी लागणारी मूव्ह येणारा एखादा. हा शेवटचा फार महत्त्वाचा. लीडरचा शेवटचा पोकेमॉन थोड्याशा एचपीवर (जीवशक्तीवर) उभा असतो, तुमच्यापेक्षा वेगवान असतो आणि तुमचाही एकच उरलेला असतो, तेव्हा तोच कामाला येतो.

लेव्हलची मर्यादा

जिम जिंकून मिळालेल्या बॅजप्रमाणे लेव्हलची एक मर्यादा असते. ती ओलांडली की पोकेमॉन ऐकत नाही, ऐन लढाईत आळस करतो. म्हणजे गवतात तासन् तास फिरून लेव्हल वाढवून जिम फोडायचं, हा जुना मार्ग बंद. निर्मात्यांनी हे मुद्दाम केलंय आणि फार बरं केलंय. नाहीतर फील्डकडे कुणी बघितलंच नसतं.

लेव्हल चुकून वर गेला तर कॉमन कँडी मिळते. ती खाल्ली की एक लेव्हल कमी होतो. चार-पाच नेहमी जवळ ठेवा. हार्डकॅप घेतला असेल तर मर्यादेपाशी अनुभव मिळणंच थांबतं आणि ही कटकट उरत नाही, म्हणून तो सुचवला.

आतले आकडे

चौथ्या-पाचव्या बॅजपर्यंत याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. पुढे चालत नाही, कारण पुढचे लीडर पूर्ण तयारीचे पोकेमॉन घेऊन येतात.

आयव्ही म्हणजे जन्मजात गुण, ० ते ३१. ईव्ही म्हणजे कमावलेले गुण, वेग, डिफेन्स, एचपी अशा एका गुणात जास्तीत जास्त २५२, एकूण ५१०. नेचर एका गुणात दहा टक्के वाढ आणि दुसऱ्यात दहा टक्के घट करतं. हे किती फरक पाडतं? वेगाचा पाया (त्या जातीचा मूळ आकडा) १०० असलेला, आयव्ही ३१ चा पोकेमॉन ५० व्या लेव्हलला ईव्हीशिवाय १२० वेगाचा असतो. वेगात २५२ ईव्ही भरले की १५२. वर वेग वाढवणारं नेचर असेल तर १६७. पाया ८० असलेला, सगळा वेगात भरलेला पोकेमॉन पाया १०० च्या न भरलेल्या पोकेमॉनच्या पुढे निघून जातो.

म्हणून सगळ्यांना सगळं थोडं थोडं देऊ नका. मारणाऱ्याला त्याच्या माराच्या गुणात २५२ आणि वेगात २५२. सहन करणाऱ्याला एचपीत आणि एका डिफेन्समध्ये. मधलं काही कामाचं नाही. ठराविक जातींचे रानटी पोकेमॉन मारून ईव्ही भरायला वेळ लागतो, पण दुपारी बाहेर रणरण असते तेव्हा पोरांना हे काम वाटून देता येतं. आमच्याकडे लहान भावंडं हे काम आनंदाने करतात आणि वहीत काड्या मारून हिशोब ठेवतात.

हरल्यावर

लीडरच्या पहिल्या लढाईत हरणं गृहीत धरा. मी म्हणेन, पहिली लढाई बघायलाच जा. जिमच्या दाराशी सेव्ह करा, आत जा, आणि जिंकायचा हट्ट न धरता प्रत्येक टर्नला काय होतंय ते लिहा. म्हणूनच इथे लीडरांच्या पूर्ण टीमा देत नाही. त्या स्वतः शोधल्या की डोक्यात राहतात.

वहीचं पान असं असतं. वर फील्डचं नाव. खाली हवामान कोण बदलतं, कितव्या टर्नला. पहिला कोण आला. आपल्या कोणाच्या आधी कोण हलला, म्हणजे वेगाचा अंदाज. कोणाकडे कोणती वस्तू दिसली, लेफ्टोव्हर्स असेल तर दर टर्नला सोळावा हिस्सा एचपी परत येतो. एका एचपीवर कुणी टिकून राहिला का, राहिला तर फोकस सॅश ही वस्तू किंवा स्टर्डी ही क्षमता. लीडरने औषध कधी वापरलं. हे शेवटचं फार कामाचं असतं. लीडर औषध वापरते त्या टर्नला तिचा पोकेमॉन मारत नाही, तेवढ्यात तुम्हाला स्वॉर्ड्स डान्ससारखी मार वाढवणारी एखादी मूव्ह लावून घेता येते.

पान भरलं की लॅपटॉप बंद करा. रात्र झाली असेल तर सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन या. चिडून लगेच पुन्हा दाराशी गेलं की तीच टीम, तोच क्रम आणि तोच निकाल. परत आल्यावर पानाकडे बघून बॉक्समधून सहा जण नव्याने काढा आणि कोण कोणासाठी आहे ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो टीममध्ये नको.

मधल्या टप्प्यातली काही जिम

शेलीचं जिम किड्यांचं आणि फील्ड जंगलाचं, म्हणजे आग आणि पाऊस यांची ओढाताण. पाऊस कोण पाडतंय त्याला आधी उडवा, मग आग. शेडकडे शॉर्टसर्किटचं फील्ड आहे, तिथे विजेच्या मूव्हची ताकद दर वेळी वरखाली होते. अशा मूव्हवर लढाईचा शेवट सोपवू नका, ताकद ठरलेली असेल तीच वापरा.

सेराचं जिम बर्फाचं, आरशांच्या दालनात. इथे लोक सगळ्यात जास्त वैतागतात, कारण आपला नेम चुकत राहतो. आरसे चकवण्याच्या मूव्हना जोर देतात. उपाय दोन. एक, न चुकणाऱ्या मूव्ह, म्हणजे एरियल एस, ऑरा स्फिअर अशा. दुसरा मला जास्त आवडतो: भूकंपाच्या जातीच्या मूव्हने आरसे फुटतात आणि तो खेळच संपतो. पहिल्याच टर्नला असा एक पोकेमॉन पाठवा, त्याने बाकी काही केलं नाही तरी चालेल. मग फायर-फायटिंगला मोकळं रान.

राडोमसचा पट बुद्धिबळाचा, टाइप सायकिक. सायकिक टीमसमोर ट्रिक रूमची तयारी ठेवावी. ती लागली की पाच टर्न हळू असणारा आधी हलतो. दोन-तीन मंद पण दणकट पोकेमॉन बॉक्समधून काढून ठेवा. त्या पाच टर्नांत वेगवान पोकेमॉन आत आणायचा नाही, प्रोटेक्ट आणि स्विच करत वेळ काढायचा.

स्टेल्थ रॉक, म्हणजे मैदानात पेरलेले टोकदार दगड, येऊ लागले की स्विचचा हिशोब बदलतो. आत येणाऱ्याचा साधारण आठवा हिस्सा एचपी जातो, पण रॉकची चौपट कमजोरी असेल तर निम्मा. अशी कमजोरी असलेला चॅरिझार्ड घेऊन फिरणाऱ्यांनी ते दगड हटवणारी रॅपिड स्पिन किंवा डिफॉग येणारा जोडीदार आधी शोधावा.

कथेत निर्णय घ्यायच्या जागा येतात आणि त्यांचे परिणाम फार पुढे दिसतात. कुणी काही मागितलं आणि ते महत्त्वाचं वाटलं, तर आधी वेगळं सेव्ह करा, मग उत्तर द्या.

सुट्टी संपल्यावर

भावंडं आपापल्या गावी जातात तेव्हा खेळ अर्धवट राहतो. दोन्हीकडे खेळाची आवृत्ती एकच आहे का ते आधी बघा. सेव्हचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन समोरच्या संगणकावर त्याच जागी ठेवला की तुमच्या टीमसकट तिथून खेळ पुढे सुरू होतो. तिथे आधीचं कुणाचं सेव्ह असेल तर ते पुसलं जाऊ नये म्हणून आधी दुसरीकडे हलवा. वहीच्या पानांचे फोटोही त्याच पेन ड्राइव्हवर टाका. नुसत्या सेव्हवरून वीस पोकेमॉनांपैकी कोण कशासाठी तयार केलाय ते नव्या माणसाला कळत नाही.